चांदीचा कागद

मांजराचं वजन किती, मारिकानं विचारलं.
रात्रीचे सव्वादोन. दवाखान्याच्या दारात बर्फाचा चिखल,
आणि टेबलावर आमची सुइत्स
(सुइत्स म्हणजे धूर, रंगावरून ठेवलेलं नाव)
थरथरत होती,
जसं जुनं शिलाई मशीन कुणी न चालवता चालावं.

चार किलो, मी म्हटलं.
साडेचार, एंडेल म्हणाला.
काय खाल्लं?
सकाळी मासा, दुपारी मासा,
संध्याकाळी ताटलीकडे ढुंकून पाहिलं नाही.
हे सगळं मीच सांगितलं.
एंडेल हातातल्या टोपीचं अस्तर तपासत होता.

मारिका आमच्याच बेटावरची.
लहानपणी आमच्या सफरचंदांवर हात मारायची,
त्यामुळे न बोललेलं तिला बरोब्बर ऐकू येतं.
"काळं की दुधाचं?"
मला वाटलं, कॉफी विचारते आहे.

"काळं," एंडेल म्हणाला.
आणि तिनं पुढचं विचारायच्या आत,
"एक वडी. अर्धी माझी, अर्धी तिची."

तेहेतीस वर्षं मी टॅलिनच्या कारखान्यात
चॉकलेटांना वेष्टनं चढवली.
शेजारच्या खोलीत चांदीचा कागद उलगडला
तरी अजून माझी मान वळते.
आणि हा माणूस,
ज्याच्या बोटाला रोज सकाळी मी सुई टोचते,
ज्याच्यापायी घरातला साखरेचा डबा
शेजारच्या आल्माकडे नांदायला गेला,
त्यानं सौनाच्या सरपणामागे दुकान मांडलं होतं!
कागद उलगडायचा तो भट्टीत बर्च तडतडताना.
हुशार.

मारिकानं पंजावरचे केस भादरले, सलाइन लावलं,
ओठ हलवत ठोके मोजले.
म्हणाली, आपल्याला जे नुसतं जागं ठेवतं
ते हिच्या काळजाला रात्रभर पळवतं.
जितकं काळं, तितकं वाईट.
"आणि काका, एवढं करून
हिला गोड कळतच नाही.
मांजराच्या जिभेवर गोडाला दारच नसतं."

"केकवरची साय चाटते ती."
"साय चाटते. साखर म्हणजे तिला वाळू."

माझ्या नजरेनं जे झालं नव्हतं
ते या वाक्यानं झालं. तो खुर्चीत बसला.
"मग दोन वर्षं रोज कशाला येत होती?"

मारिका बिल लिहीत होती.
एकशे ऐंशी युरो.

परतीची वाट अठरा किलोमीटर.
सगळीभर बोलेन इतकं माझ्याजवळ साठलं होतं,
शब्दसुद्धा निवडून ठेवले होते, टोकदार.
काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता तोच म्हणाला,
"एकट्यानं खाल्लं की चोरी वाटायची, हेल्यू."
"आणि दोघांनी खाल्लं की?"
बराच वेळ खरवडत राहिला.
"संध्याकाळ."

सुइत्स वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली,
एक पंजा उघडा, राग शाबूत.
मी तिला उकडलेला मासा घालते, काटे काढून, बिनमिठाचा.
एंडेल ती वाटी घेऊन सौनाच्या पायरीवर बसतो.
एक तुकडा तिला, एक स्वतःला,
आणि गिळताना असं तोंड करतो
की मला खिडकीपासून दूर व्हावं लागतं.

एप्रिलात खाडीतला बर्फ फुटला.
उरलेलं सरपण आत घेताना
मागच्या फळीवर सापडला
नखानं गुळगुळीत केलेला, चार घड्यांचा
चांदीचा कागद.
नाकाशी नेला. काळंच.
खिडकीपाशी उजेडात धरला,
चष्मा लावून, दोन्ही बाजूंनी.

करडा केस एकही नव्हता.

मग तो होता तिथेच ठेवला
आणि वर एक ओंडका.
उद्या सकाळी सुई टोचेन तेव्हा
आकडा काय बोलायचं ते बोलेल.